काठावरून ओरडणारा राजा

एका राज्यात सगळं काही होतं, फक्त गप्प बसणं कोणाला ठाऊक नव्हतं. शेतं पिकत, विहिरी तुडुंब भरत; पण दर अष्टमीला पोरांचा आट्यापाट्यांचा डाव मांडला, की मैदानाच्या काठावर आईबापांचा असा गलका उठे, की झाडावरचे कावळे गाव सोडून जात. आपली हाळी लेकराच्या पायांत बळ होऊन शिरते, अशी तिथल्यांची समजूत होती. जो बाप ओरडत नाही त्याची माया पातळ, असं बायका उघड म्हणत.

आणि सगळ्यांत मोठा गळा कोणाचा? राजा धवलकेतूचा. राणी गेली तेव्हापासून राजकन्या सुवेला हेच त्याचं जग. "डावीकडून! अगं, डावीकडून! पळ! थांब! पळ म्हणतो ना!" बिचारी पोर बावरून जाई.

एका अष्टमीला सुवेला पाटी ओलांडताना बाद झाली. पंच होती मायंदा नावाची म्हातारी जादूगारीण. तिने हात वर करताच राजा उसळला.

"डोळे फुटले का तुझे, म्हातारे? माझ्या लेकीला कोणी शिवलंच नाही!"

झालं! सारा काठ तिच्यावर तुटून पडला. मायंदा उठली आणि म्हणाली, "हाळी पोरांच्या पायांत शिरते म्हणता ना? आजपासून खरोखरच शिरेल. दगड होऊन शिरेल." एवढं बोलून ती वाऱ्यात विरून गेली.

पाहता पाहता पोरांची पावलं काळ्या पाषाणाची झाली. तर आईबापांनी काय करावं? "हल रे बाळा! पाय उचल!" म्हणून दुप्पट ओरडले. पाषाण गुडघ्यांवर चढला. तेव्हा राजाला उमगलं. पण सवय थोडीच सुटते! त्याने काठावर दवंडीवाले उभे केले आणि ढोल बडवून पुकारा करवला, "ऐका हो ऐका, कोणी ओरडायचं नाही!" पाषाण कमरेला भिडला. काय म्हणावं या माणसांना!

सुवेला रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाबा, छातीपर्यंत आला, तर मला श्वास घेता येईल का हो?"

राजाच्या काळजाचं पाणी झालं. मुकुट उतरवून तो अनवाणी मायंदाच्या शोधात निघाला.

रानात एक भारद्वाज पक्षी वाट अडवून बसला होता. "मायंदाचं घर मी दाखवीन," तो म्हणाला, "पण आधी एक काम कर. माझं पिल्लू आज पहिल्यांदा उडणार आहे. तू नुसता पाहा." पिल्लू धडपडलं, काटेरी झुडपात पडलं, पुन्हा फांदीवर चढलं. राजाची जीभ शिवशिवली, त्याने ती दातांखाली धरली. पिल्लू उडालं. भारद्वाजाने वाट दाखवली.

गुहेत मायंदा एका तांब्याच्या हंड्याशी बसली होती. "पक्ष्याचं पहिलं काम झालं. शाप फिटायला हवा, तर हे दुसरं काम. हा हंडा उघड आणि कान झाकू नकोस."

राजाने झाकण काढलं. आतून त्याचाच आवाज उसळला, सुवेलेच्या कानी पडत असे तसाच. नुसता कडकडाट! राजा ऐकत राहिला आणि मटकन खाली बसला.

"यात माझी माया कुठे गेली? मला फक्त भीती वाटत होती, बाई. पोर पडली, हरली, तर आईविना तिला कोण सावरणार?"

मायंदाचा चेहरा निवळला. "ते मला कळतं रे. तिला कसं कळणार? जा, डाव मांड. डावापुरते पोरांचे पाय मी मोकळे करते. काठावरून एक जरी हाळी उठली, तर पोरं कायमची पाषाण. हे तिसरं काम."

राजा घरोघर गेला. हात जोडून, हळू आवाजात एकेका आईबापाला विनवून आला.

डाव सुरू झाला. सुवेला एकेक पाटी ओलांडत शेवटच्या पाटीशी आली. तिथे कोष्ट्याचा पोरगा रायबा हात पसरून उभा होता. ती झुकली, निसटली; आणि मायंदाचा हात वर गेला. बाद! राजाने डोळ्यांनी पाहिलं होतं, दोघांत वीतभर अंतर होतं! शब्द थेट ओठांपर्यंत आला. राजाने शेल्याचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

काठ चिडीचूप. आणि त्या शांततेत मैदानातला बारीकसा आवाज पहिल्यांदाच काठावर ऐकू आला.

"लागला हं तुझा हात, रायबा. इथे, दंडाला," सुवेला म्हणत होती. "मस्त धरलंस मला!"

दोघंही खदखदून हसली. आपली लेकरं खेळताना हसतात, हे काठावरच्या कित्येकांना त्या दिवशी कळलं.

"शाप फिटला," मायंदा म्हणाली. "पाय आता ज्याचे त्याचे."

सुवेला धावत काठाशी आली आणि जरा बिचकून थांबली. "बाबा, मी बाद झाले."

राजाने तोंडातला बोळा काढला. "पाहिलं मी."

"रागावलात?"

"नाही गं," राजा म्हणाला. "भूक लागली का तुला?"

लागली होती. मग राजा, सुवेला, रायबा, मायंदा आणि अवघं गाव तिथेच पंगत मांडून जेवलं. त्या लेकरांचे पाय मोकळे झाले, तसे सगळ्यांच्या लेकरांचे होवोत.