कळंबवेढ्याची न बुडणारी घटिका

विषय : मौजे कळंबवेढे येथील लग्नांत ‘सावधान’ हा शब्द भटजींऐवजी नवरीच्या आत्याने उच्चारण्याची चाल, आणि तळ्याकाठच्या दगडाचे प्रकरण.

संदर्भ : गावातल्या जुन्या मंडळींचे तोंडी निवेदन. लेखी पुरावा नाही.

देवीच्या टेकडीखाली तळे आहे. तळ्याच्या मधोमध परातीएवढा गोल, तांबूस दगड दिसतो. पूर आला तरी तो पाण्याखाली जात नाही, असे सांगतात. काठावर दुसरा दगड आहे, मांडी घालून पाण्याकडे वाकलेल्या माणसासारखा. पाहुण्यांना गावकरी पहिला दगड ‘घटिका’ म्हणून दाखवतात आणि दुसरा ‘भटजी’ म्हणून. दुसऱ्याची ओळख करून देताना आवाज खाली आणतात. न जाणो, ऐकत असतील.

हे भटजी म्हणजे गावचे जोशी त्रिमळभट. विधुर, सोवळ्याचे कडक. गावात लग्न लावायचा हक्क एकट्या त्यांचा. परगावच्या भटजीला वेशीच्या आत मंत्र म्हणायची मुभा नव्हती. लग्न लावण्याचा हक्क त्यांचा, हे सर्वांना ठाऊक होते. न लावण्याचा हक्कही त्यांचाच की काय, हे कोणी कधी विचारले नव्हते.

माळ्याची सगुणा रोज पहाटे देवळात फुलांची परडी आणून देई आणि जाताना हसे. ती सगळ्यांकडेच पाहून हसे, बैलाकडेसुद्धा. पण त्रिमळभटांनी ते हसू आपल्या खात्यावर जमा करून घेतले होते. बोलले मात्र कधी नाहीत. ती माळ्याची, ते जोशी. बोलून उपयोगही नव्हता. नुसते हसणे तरी आपले राहील, एवढीच त्यांची आशा.

मग नदीपलीकडच्या भैरू माळ्याशी तिचे लग्न ठरले. त्रिमळभटांनी भैरूला पाहिले. त्याचे कान मोठे होते, चालणे फेंगडे होते. अशा माणसाकडे पाहून सगुणा परडीसुद्धा विसरली! त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना.

सगुणाचा बाप मुहूर्त विचारायला आला.

“पंचांग बघून सांगतो,” भटजी म्हणाले.

पुढच्या खेपेला शुक्राचा अस्त निघाला. त्याच्या पुढच्या खेपेला गुरू वक्री होता. मग अधिक महिना आला. तो तर भटजींना स्वतःहून मदतीला आल्यासारखा वाटला. प्रत्येक वेळी उत्तर एकच : “विचार करून सांगतो.”

शेवटी सगुणाची आत्या तुळसा स्वतः देवळाच्या पायरीशी येऊन बसली.

“भटजीबुवा, आकाशातले सगळे गिऱ्हे आमच्याच पोरीवर रुसलेत व्हय? का खालचाच कुणी रुसलाय?”

भटजींनी घाईघाईने मुहूर्त काढून दिला.

त्या काळी वेळ मोजायची ती घटिकेने. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची; ती भरून बुडाली की वेळ झाली. कळंबवेढ्याची रीत अशी, की लग्नाची घटिका देवीच्या साक्षीने तळ्यात सोडायची आणि मांडव काठावरच घालायचा. लग्नाच्या सकाळी त्रिमळभटांनी त्या छिद्रात मेण दाबले. वेळ भरणार नाही, वरपक्ष रुसेल, वऱ्हाड परत जाईल, असा त्यांचा हिशेब. न रुसलेला वरपक्ष त्यांनी पाहिलाच नव्हता.

घटिका सोडून ते काठावर बसले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “घटिका बुडेल तेव्हाच सावधान म्हणेन. तोवर जागचा उठणार नाही. देवीची आण!”

ऊन डोक्यावर आले. घटिका डुलत राहिली. भैरू अंतरपाटाच्या एका बाजूला उभा राहून कंटाळला आणि पलीकडे ऐकू जाईल असे काहीतरी पुटपुटला. पलीकडून सगुणा हसली. जे हसू पहाटे परडीबरोबर मिळे, त्याहून हे मोठे होते.

वरपक्ष रुसलाच होता. भैरूच्या बापाने बैल जुंपायला सांगितले. तेवढ्यात तुळसाआत्या उठली.

“थांबा वो! घटिका बुडंना, म्हंजे वेळ टळंना. वेळच या दोघांसाठी खोळंबलीय. ह्यापरीस चांगला मुहूर्त कंचा?” आणि अंतरपाट बाजूला ओढून ती मोठ्याने म्हणाली, “सावधान!”

अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. काही अक्षता भटजींच्या अंगावरही पडल्या म्हणे.

आण सुटावी म्हणून त्यांनी घटिका काठाशी ओढली आणि मेण काढायला नख घातले. मेण नव्हते. छिद्रही नव्हते. तिथे सलग तांबे होते. वाटी हातातून निसटली आणि तरंगत मधोमध जाऊन थांबली. भटजींनी उठू पाहिले. उठवेना. देवीची आण त्यांचीच होती. त्यांनी देवीचा धावा केला, तेव्हा गाभाऱ्यातून उत्तर आले, असे सांगतात : “जिची वाट अडवलीस, तिने सोडले तर सुटशील.”

वरात निघताना सगुणा रीतीप्रमाणे भटजींच्या पाया पडायला आली. गुडघ्यापर्यंत ते तोवर दगड झाले होते.

“सगुणा, मला सोड. एवढं म्हण, सोडलं.”

तिने त्यांच्याकडे पाहिले. मग भैरूकडे पाहिले. त्याचे कान उन्हात लाल झाले होते.

“विचार करून सांगते, भटजीबुवा,” ती म्हणाली आणि गाडीत बसली.

ती सांगायला परत आली नाही. भैरूच्या घरी तिचे दिवस सुखात गेले, त्यात राहून गेले असावे.

आजही कळंबवेढ्यात जोशी मांडवात येतात, मंत्र म्हणतात, जेवतात. ‘सावधान’ मात्र आत्या म्हणते. वरात निघण्याआधी नवरीला भटजींच्या दगडाशी नेतात आणि सगुणाच्या जागी तिला विचारतात, “भटजींना सोडायचं का?” नवरी दगडाकडे पाहते, मग नवऱ्याकडे पाहते आणि म्हणते, “विचार करून सांगते.”

सबब, अर्ज अद्याप प्रलंबित आहे.