तांबडीकाठची हौसा सुईण

फार वर्षांपूर्वी तांबडी नदीच्या दोन्ही काठांवर एकच संस्थान होतं आणि एकच सुईण होती, हौसा. सकाळी अलीकडे नाळ कापायची, दुपारी पलीकडे पोर न्हाऊ घालायची. काठावरून नुसती हाक मारली की होडी सुटायची. फार गोड दिवस होते ते, असं म्हणतात.

ते दोन म्हाताऱ्यांनी नासवले. अलीकडे थोरल्या पातीचे रायाजीराव, पलीकडे धाकट्या पातीचे बहिर्जीराव, सख्खे चुलतभाऊ. कुलदेवीच्या पालखीत मान कुणाचा, यावरून संस्थान चिरलं. भांडले म्हातारे, मेली पोरं. चौथ्या वर्षी होड्या जळालेल्या, कणग्या रिकाम्या, आणि हौसाच्या तीन लेकांतला एकटा शिदू रायाजीरावांच्या फौजेत उरलेला.

वैशाखात शेवटचा हल्ला ठरला. सकाळी शस्त्रपूजा, लगेच कूच. आदल्या दुपारी पलीकडून विव्हळणं ऐकू आलं. बहिर्जीरावांची सून अडली होती. हौसा उठली. रायाजीरावांनी बजावलं, गेलीस तर शिदूला पहिल्या रांगेत उभा करीन.

हौसा लेकाकडे बघत राहिली. या हातांनी दोन्ही काठांची पोरं झेलली होती, आणि उद्या तीच एकमेकांना कापणार होती. ती डोहात उतरली. हत्ती बुडावा असा डोह, पण पाणी तिच्या घोट्यांवर चढलं नाही, असं म्हणतात.

दिवस मावळायच्या आत ती परतली ती थेट छावणीत.

"मुलगा झाला, धनी. भाऊबंदांना सोयर लागलं. दहा दिवस पूजा नाही."

"वैऱ्याच्या घरचं सोयर आम्हाला कसलं?"

"मग कूळ वेगळं म्हणा की. देऊळ पलीकडं आहे. कूळच वेगळं, तर त्या देवीच्या पालखीत तुमचा मान कसला?"

म्हाताऱ्यानं शस्त्रपूजा पुढं ढकलली. मेलेल्या भाऊबंदांचं सुतक चार वर्षांत कुणी पाळलं नव्हतं. ही माणसं जन्माला मात्र भ्याली.

पूजेवाचून हत्यार उचलता येईना. पोरं नदीवर आंघोळीला यायला लागली. पलीकडून एकानं विचारलं, मेव्हण्या, जिवंत कसा रे तू? अलीकडचा म्हणाला, तुझ्या बहिणीच्या हातचं खाऊनसुद्धा आहे बघ.

सोयर फिटायच्या आत रायाजीरावांच्या पुतण्याची बायको बाळंत झाली. मग पुन्हा पलीकडे एक. पोटातली पोरं हौसाच्या हाकेसाठी थांबायची आणि पाळीपाळीनं यायची, असं म्हणतात. असं करता करता पेरणी आली. फौजा आपापल्या शेतांत पांगल्या, शिदूही बैल घेऊन गेला. दोन्ही म्हातारे तलवारी पुसत बसले आणि बसल्या जागी संपले. त्यांच्या समाध्या कुठं आहेत, कुणाला ठाऊक नाही.

तांबडीकाठी आजही मूल जन्मलं की दहा दिवस दोन्ही काठांवर कुणी कुणावर हात उचलत नाही. घरातलं एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात उतरून पलीकडे ओरडून सांगतं. पलीकडून विचारतात, सुईण कोण? मूल शहरातल्या दवाखान्यात झालेलं असलं, तरी उत्तर एकच जातं.

"हौसा."