गोधडीचे रंग

गावात पत्र्याची छपरं नुकतीच आली होती आणि उन्हाळे वर्षागणिक कडक होत चालले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका घरात सात लुगड्यांची गोधडी होती. थंडी पडली की सगळं घर तिच्यासाठी भांडायचं. चैत्र लागला की "झालं माझं काम" म्हणत ती ऐटीत दांडीवर जाऊन बसायची.

एका दुपारी गोठ्याचा पत्रा कळवळून म्हणाला, "गोधडीबाई, ऊन अडवायला मी उभा, पण मीच तव्यासारखा तापलोय. खाली कालच जन्मलेलं वासरू जीभ काढून पडलंय. तुम्ही भिजून माझ्यावर पसराल का?"

"मी भिजू?" गोधडी फणकारली. "अहो, मी ऊब देणारी! ओल्या गोधडीला कोण विचारतं?"

पण तेवढ्यात तिला वासरू दिसलं. उठायला जाऊन ते पुन्हा कोसळलं होतं. गोधडी दांडीवरून उतरली, हौदात बुडाली आणि पत्र्यावर जाऊन पसरली. वाळली की पुन्हा बुडायची, पुन्हा पसरायची. उन्हाळाभर तिने दुसरं काही केलं नाही.

मार्गशीर्षात घरात दुकानातलं नवंकोरं ब्लँकेट आलं. ते नाक मुरडून म्हणालं, "आजी, तुमचे रंग पार उडालेत की!"

अंगणात वासरू शेपटी वर करून उधळत होतं. गोधडीने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं.

"उडाले नाहीत, बाळा," ती ताठ मानेने म्हणाली. "मी ते उन्हाला दिले, आणि हे वासरू त्याच्या तोंडातून काढून आणलं."