प्रचितीची पन्हळ

त्या प्रदेशात नदीला दरवर्षी राग येत असे, आणि तो राग फक्त बगळ्यांना कळत असे. बगळे उंच झाडांवर राहत. टिटव्या, सुरय आणि त्यांच्यासारखे इतर पक्षी नदीकाठच्या वाळूत अंडी घालत. नदी शांत राहावी म्हणून प्रत्येक घरट्यातलं एक अंडं बगळ्यांच्या शिळेवर ठेवावं लागे. ते अंडं बगळे खात. नदीच्या वतीने खातात, असं म्हणण्याची पद्धत होती. तरीही पूर येई आणि उरलेली अंडी वाहून जात. मग आया पुन्हा शिळेपाशी जात आणि आपलंच काही चुकलं असेल म्हणून क्षमा मागत.

प्रचिती नावाच्या टिटवीने क्षमा मागितली नाही. ती फटकळ होती. तिच्या नात्यागोत्यातही ती फारशी कुणाला आवडत नसे. तिची सगळी अंडी गेली त्या वर्षी तिने बगळ्यांच्या प्रमुखाला, शुभ्रकंठाला, गाठलं आणि सरळ विचारलं, “महाराज, दिलं तरी नेलं. मग दिलं कशाला?”

“तू मनापासून दिलं नसशील,” शुभ्रकंठ म्हणाला.

या उत्तराने इतर आयांचं समाधान होई. प्रचितीचं झालं नाही. ती टेकाडावर जाऊन बसली आणि उगवणाऱ्या प्रत्येक सकाळीमागे एक खडा मांडू लागली. पूर आला की रांग संपे. दुसऱ्या सकाळी नवी रांग सुरू होई. शेजारणी हसत. कित्येक वर्षं अशी गेली. त्या वर्षांतही तिची अंडी वाहून गेली, आणि ती सकाळसुद्धा तिने खडा मांडूनच साजरी केली किंवा सोसली, काय म्हणायचं ते म्हणा. शेवटी तिला दिसलं, की रांगा जवळपास सारख्याच भरतात, आणि एक निळसर तारा पहाटे पूर्वेला पहिल्यांदा दिसला की थोड्याच दिवसांत पाणी चढतं.

तिने सगळ्यांना टेकाडावर बोलावलं. “माझ्यावर विश्वास ठेवू नका,” ती म्हणाली. “खडे तुम्ही मांडा, तारा तुम्ही बघा. चुकलं तर मला टोचून हाकला.”

काही जणींनी खरंच खडे मांडले. त्या वर्षी त्यांनी अंडी लवकर घातली आणि शिळेवर एकही ठेवलं नाही. तारा दिसला तेव्हा त्यांची पिल्लं पळू लागली होती. पूर आला तो रिकाम्या वाळूवर.

बगळ्यांनी सभा बोलावली. पिल्लं जगली याचा आनंद करायला नव्हे.

“नदीला राग येत नाही असं तू म्हणतेस?” शुभ्रकंठाने विचारलं.

“नदीला पाणी येतं,” प्रचिती म्हणाली.

सभेत कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानेच निकाल लागला. प्रचितीचा उजवा पंख मोडण्यात आला आणि तिला दूरच्या खडकाळ माळावर हाकलण्यात आलं. ज्यांची पिल्लं पहिल्यांदाच जगली होती त्या आया सभेतच होत्या. पिल्लं त्यांच्या पंखांखाली ऊब घेत होती. एकीनेही चोच उघडली नाही.

पण जगलेली पिल्लं परत अंड्यात घालता येत नाहीत. ती मोठी झाली आणि लपूनछपून खडे मांडू लागली. हिकमतराव नावाच्या पाणमांजराला तर या खड्यांनी वेडच लावलं. त्याने टेकाडाच्या उतारावर दगडात एक पन्हळ कोरली आणि तिच्यात जागोजागी लाकडी झडपा बसवल्या. रोज सकाळी वरून एक खडा सोडायचा. ठरावीक खडे साचले की झडप आपोआप कलंडे आणि एक खडा खालच्या झडपेकडे जाई. अगदी तळाची झडप पडली की समजायचं, पूर जवळ आला. आता रांगा लक्षात ठेवायला नकोत, पहाटे उठून आकाश बघायला नको.

“आता कुणालाच कुणाच्या तोंडाकडे बघायला नको,” हिकमतराव आनंदाने सांगत फिरला. “खडा टाका आणि स्वतः बघा.”

बगळ्यांनी या वेळी सभा बोलावली नाही. त्यांनी हिकमतरावाचा सत्कार केला. पन्हळीवर ऊन लागू नये म्हणून छप्पर घातलं, कुणी धक्का देऊ नये म्हणून भोवती काटेरी कुंपण घातलं, आणि कुंपणाला एकच दार ठेवून तिथे बगळे उभे केले. मग त्यांनी प्रचितीची मातीची मूर्ती करून छपराखाली बसवली. मूर्तीचे दोन्ही पंख धड होते. तिला आदिमाता म्हणायचं ठरलं. जिचा पंख यांनी मोडला, तिच्या नावाने हेच आता पहाटे आरती करू लागले! आणि जो कुणी दाराशी येऊन “मला स्वतः खडा टाकून बघायचाय” म्हणे, त्याला आदिमातेचा अपमान केला म्हणून हाकलून देत.

पुढे पन्हळीला पुराखेरीजही प्रश्न विचारले जाऊ लागले. कुणी कुठे घरटं करावं, कुणाची जोडी जमावी, कुणाला पाण्याजवळ येऊ द्यावं. शुभ्रकंठ वर खडे टाकी, खाली झडप पडे, आणि झडपेचा अर्थ तोच सांगे.

“महाराज, ती फक्त बेरीज करते,” हिकमतराव एकदा चाचरत म्हणाला.

“लोकांना बेरीज नको असते, हिकमतराव. उत्तर हवं असतं.” शुभ्रकंठाने त्याच्या पाठीवर पंख ठेवला. “पन्हळ आणखी मोठी करता येईल का?”

करता येणार होती. कशी करायची ते हिकमतरावाच्या डोक्यात कधीचं घोळत होतं. तो कामाला लागला.

मोठ्या पन्हळीला खडे पुरेनात. नदीतले गोल, गुळगुळीत खडे संपले. ओबडधोबड खडे मध्येच अडकत. तेव्हा शुभ्रकंठाने जाहीर केलं, की प्रत्येक घरट्याने एक अंडं द्यावं. कुणी खाणार नाही, वाया जाणार नाही, उलट सगळ्यांच्या उत्तरात त्याचा वाटा असेल. आया रांगेने आल्या. आपल्या अंड्यामुळे कुणाचं तरी भलं होणार, या अभिमानाने त्यांच्या माना ताठ होत्या.

त्याच सुमारास प्रचिती परत आली. उडता येत नव्हतं, म्हणून नदीच्या काठाकाठाने चालत आली. वाटेत तिला आपल्या नावाची आरती ऐकू आली, तेव्हा आपल्याच नावाची दुसरी कुणी असेल असं तिला वाटलं. दारावरच्या बगळ्याने तिला ओळखलं नाही. म्हातारी, मोडक्या पंखाची टिटवी दर्शनाला आली असेल म्हणून आत सोडलं. हिकमतरावाने मात्र ओळखलं. तो झडपेला तेल लावत होता. त्याने मान वर केली नाही.

“खडे कुठे आहेत?” तिने विचारलं.

“बाई, आता खड्यांवर भागत नाही.”

तिने पन्हळीत वाकून पाहिलं. आणि मग टिटवी जशी ओरडते तशी ती ओरडली, जिवाच्या आकांताने. “थांबवा! अरे, ही अंडी आहेत! उबेला आलेली अंडी आहेत!”

आरती टिपेला पोचली होती. बगळ्यांनी तिला उचलून कुंपणाबाहेर नेलं. हिकमतराव झडप धरून उभा राहिला. पन्हळ थांबवणं त्याच्या एका पंजाचं काम होतं. वरून शुभ्रकंठाने शेवटचं अंडं सोडलं. ते गडगडत आलं, मधल्या झडपेशी अडकलं, आणि त्याला तडा गेला. तड्यातून एक ओली, इवलीशी चोच बाहेर आली. दगडाच्या पोकळीत तिचा आवाज घुमला, मोठा होऊन छपराखालून बाहेर आला, आणि साऱ्या टेकाडावर पसरला.

“बोलली! पन्हळ बोलली!”

कुंपणाबाहेर जमलेल्या सगळ्या आयांनी वाळूत डोकी टेकली. ज्या टिटवीचं ते अंडं होतं, ती सगळ्यांत पुढे होती.