पहिली कुदळ

पौष वद्य पंचमी. आभाळ स्वच्छ, वारा उत्तरेचा, परसातल्या गवतावर दव पांढरं पडलेलं. वर्ष कोणतं ते मात्र विचारू नका. तेव्हा राज्यावर कोण होतं हेही आज कोणाला आठवत नाही, इतकी ही गोष्ट जुनी आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या एका घरात एक म्हातारा, त्याचा मुलगा आणि सून राहत. घरामागच्या परसबागेतून वर्षभराची भाजी निघायची, पण त्या वर्षाची तयारी पौषातच करावी लागायची. आळी खणायची, त्यांत शेणखत घालून मुरू द्यायचं, मांडवाचे कुजलेले बांबू बदलायचे. तेवढं झालं की माघात उन्हाळी वेलांचं बी टाकता येई.

गावाची एक रीत होती. परसातली वर्षाची पहिली कुदळ घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं मारायची. त्याआधी दुसऱ्या कोणी ढेकूळही उलटायचं नाही.

सुनेला यंदा घाई होती. तिच्याजवळ घोसाळ्याचं मूठभर बी राखेत घालून ठेवलेलं होतं. आईनं शेवटच्या आजारपणात हातात दिलेलं. गेल्या वर्षी आळी झालीच नाहीत आणि बी तसंच राहिलं. आता ते जुनं झालं होतं. यंदाही राहिलं असतं, तर पुन्हा रुजलंच नसतं. हे तिनं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, एकदा नव्हे, जेवायला वाढताना रोज.

म्हातारा रोज सकाळी घोंगडी पांघरून परसात जाई. काठीनं जमिनीवर रेघा ओढी. इथे वांगी, इथे मिरची, न्हाणीच्या पाण्यावर अळू. रेघा इतक्या सुरेख असत की शेजारपाजारचे बघायला येत, दोन गोष्टी विचारून घेत आणि घरी जाऊन आपापली बाग खणत.

म्हाताऱ्याची कुदळ मात्र भिंतीला टेकलेलीच. एके दिवशी त्यानं सांगितलं, जमीन अजून गार आहे. पुढे सांगितलं, दांडा सैल आहे. सुतारानं दांडा घट्ट करून दिला, तर वारा वाईट निघाला. वारा पडला, तेव्हा मिरचीची जागा चुकली आहे असं त्याच्या ध्यानात आलं, आणि सगळ्या रेघा पुसून त्यानं नव्यानं ओढायला घेतल्या.

सुनेनं नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, आप्पा म्हणतील तेव्हा. तो नेहमी हेच म्हणे. पाऊस कधी येईल असं विचारलं असतं, तरी बहुधा हेच म्हणाला असता.

कुंपणापलीकडून शेजारीण रोज चौकशी करी.

“काय गं, निघाला का तुमच्या बागेचा मुहूर्त? लग्नाचा तरी लवकर निघतो.”

सून दात आवळून कपडे वाळत घाली.

पौष सरला. माघही निम्मा गेला आणि दुपारचं ऊन टोचू लागलं. तेव्हा एका सकाळी तिनं बियांचं मडकं आणून म्हाताऱ्यासमोर ठेवलं.

“मामंजी, आज कुदळ मारा. नाहीतर मी मारते. मग गाव काय म्हणायचं ते म्हणू दे.”

म्हातारा भडकला. या घरात अजून मी जिवंत आहे, असं म्हणत त्यानं कुदळ उचलली. ती कमरेपर्यंत आली. तिथे त्याचा उजवा हात अडला आणि कुदळ त्याच्याच पायाशी पडली.

शेजारीण कुंपणावरून मागे सरली.

“दोन पावसाळे झाले,” म्हातारा खाली बघत म्हणाला. “हात वर जात नाही.”

“मग सांगायचं होतं, मामंजी.”

“सांगितलं असतं, तर पहिली कुदळ कोणी मारायची हा प्रश्न आला असता.”

“आला असता,” सून म्हणाली, “आणि चूल पेटायच्या आत सुटला असता.”

म्हाताऱ्यानं कुदळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “घे,” तो म्हणाला. “तूच मार.”

तिनं आळी खणली, नवऱ्यानं खत वाहिलं. म्हातारा दगडावर बसून प्रत्येक घावाला खोड काढत राहिला. आळं उथळ झालं, माती बाहेर सांडली, कुदळ अशी धरतात का. सुनेनं उत्तर दिलं नाही. दिलं असतं, तर आळी त्या दिवशीही पुरी झाली नसती.

खत मुरायला वेळ उरला नव्हता. बी टाकलं तेव्हा खत कच्चंच होतं. मूठभर बियांतून तीन कोंब आले. एक खताच्या उष्णतेनं करपला, एक चैत्राच्या उन्हानं. उरलेल्या वेलाला दोन घोसाळी धरली. ती भाजीसाठी तोडली नाहीत. बियाण्यासाठी वेलावरच वाळू दिली.

तात्पर्य: जे काम आपल्या हातून होत नाही, ते मान जाईल म्हणून अडवून धरू नये, वेळेत दुसऱ्याच्या हाती द्यावं.