तिसरी हाक

"वाकतो तेव्हा किती वेळ वाकलेला असतो, गुरुजी?"

म्हातारे मान-त्सू तागाचं कापड शिवत बसले होते. ते शिवतच राहिले.

"कोण?"

"मुख्य सुतकी. परराज्याचा दूत प्रेताला वस्त्र अर्पण करतो, तेव्हा सुतकी माणूस त्याला नमस्कार करतो ना? कपाळ जमिनीला टेकवून. टेकवल्यापासून उठेपर्यंत किती श्वास जातात?"

"अकरा वर्षं माझ्याबरोबर प्रेतं सजवतोयस. तुला ठाऊक आहे."

"लोकांच्या घरचं ठाऊक आहे. मी राजाचं विचारतोय."

मान-त्सूंनी सुई कापडात खोचून ठेवली.

"पाच श्वास," ते म्हणाले. "राजा असला तरी आई आईच असते."

ही गोष्ट फार जुन्या चीनमधली आहे. तिथली राज्यं एकमेकांच्या उरावर बसली होती, त्या दिवसांतली. लोआन हे त्यातलं चिमूटभर राज्य. दोनशे रथ, त्यातल्या निम्म्यांची चाकं कुरकुरणारी. पश्चिमेच्या राजाकडे दोन हजार रथ होते. तो दर वर्षी एखादं राज्य गिळायचा, आणि लोआनची पाळी आता दाराशी आली होती.

मान-त्सू अंत्यविधींचे आचार्य होते. प्रेताला न्हाऊ कसं घालायचं, कोणी कुठल्या पायरीवर उभं राहून रडायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. वेई चुन हा त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. आपण सर्वांत हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या हेमंतात पश्चिमेच्या राजाची आई वारली. राज्याराज्यांतून वस्त्रं घेऊन दूत निघाले, आणि लोआनच्या युवराजांना एक कल्पना सुचली. राजवाड्यातल्या लोकांना असल्या कल्पना बहुधा भरल्या पोटी सुचतात. सुतकातला राजा तलवार बांधत नाही. अंगावर जाडंभरडं ताग, पाय अनवाणी, हातात नुसती काठी. पहारेकरी लांब, अंगणात. आणि एरवी कुणापुढे न वाकणारा हा माणूस वस्त्र आणणाऱ्या दूतापुढे मात्र वाकतो.

त्या वस्त्राच्या घडीत वीतभर पातं ठेवायचं, एवढंच काम होतं.

चुनला न्यायला आलेला रथ दारात उभा होता.

"पाच श्वास म्हणजे पुष्कळ झाले," चुन म्हणाला.

"हा विधी मी तुला शिकवला."

"म्हणून तर माझी निवड झाली. सैनिक पाठवला असता, तर तो पहिल्या पायरीवरच चुकला असता. मी चुकणार नाही."

"नाही चुकणार," मान-त्सूंनी मान्य केलं. "राजा मेला. पुढे?"

"त्याची मुलं लहान आहेत."

"त्याचे सेनापती लहान नाहीत."

चुननं दारातल्या रथाकडे नजर टाकली.

"मारलेल्या दोन राजांना मी या हातांनी न्हाऊ घातलंय," म्हातारे म्हणाले. "एकाला विष घातलं होतं, दुसऱ्याला भावानं भोसकलं होतं. दोघांच्याही मागून गादीवर आलेल्यानं पहिल्या महिन्यात काय केलं असेल?"

"काय?"

"नवे रथ बांधायला काढले."

चुनचा आवाज चढला. "मग काय करावं आम्ही? गेल्या साली पूर्वेचं एक शहर त्याला शरण गेलं. लोक हत्यारं टाकून बाहेर आले. त्यांना खंदक खणायला लावलं आणि त्यातच पुरलं. बारा हजार माणसं, गुरुजी. लढून पाहिलं, शरण जाऊन पाहिलं. आता उरलं काय? एक माणूस आणि एक पातं. दुसरं काही असेल तर सांगा. हा रथ आत्ता परत पाठवतो."

म्हातारे आपल्या हातांकडे बघत राहिले…

"दुसरं काही मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

वाद जिंकल्याचा चुनला आनंद व्हायला हवा होता. पण तो झाला नाही. गुरुजी काहीतरी काढतील, आपल्याला अडवतील, अशी आशा त्याच्या मनात कुठेतरी असावी. ती गेली, आणि तो जरासा खचला.

"कुणाच्या नावानं जातोयस?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"शेजारच्या शान-यी राज्याचा दूत म्हणून. वस्त्र त्यांचं, मुद्रा त्यांची. त्यांच्या खऱ्या दूताला वाटेत… थांबवलंय."

"थांबवलंय."

"हो."

"म्हणजे सूड शान-यीवर उगवला जाईल."

"युवराज म्हणतात, ते लोक तसेही पुढच्या वर्षी मरणारच आहेत."

"तू काय म्हणतोस?"

चुन पुढे सरला. तो गुडघे टेकून गुरुजींसमोर बसला. खरं तर तो श्वास मोजायला आलाच नव्हता. ते त्याला आधीपासून ठाऊक होतं. त्याचं काम वेगळंच होतं, आणि ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

"गुरुजी, माझं नाव गावच्या नोंदीतून खरवडून काढलंय."

"हं."

"काम झालं, की त्याच पात्यानं मी माझं तोंड ओळखू येणार नाही असं करून घ्यायचं. ओळख पटली, तर तिन्ही कुळं मारली जातील. आईकडची, बापाकडची, आजीच्या माहेरची. आईला सांगून ठेवलंय. आपल्याला मुलगा झालाच नाही, असं म्हणायची तिला सवय करायला लावली. पहिल्यांदा अडखळायची. आता न अडखळता म्हणते."

मान-त्सूंनी डोळे मिटले.

"मग मी मेल्यावर मला हाक कोण मारणार?" चुननं विचारलं.

या हाकेविषयी सांगायला हवं. त्या देशात माणूस गेला की लगेच रडायला बसत नसत. आधी कुणीतरी त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढे, उत्तरेकडे तोंड करी आणि त्याला नावानं तीन हाका मारी : परत ये! नुकता निघालेला जीव भांबावलेला असतो, हाक ऐकून थबकतो, आपला अंगरखा ओळखतो, अशी समजूत होती. तीन हाकांनी आला नाही, तर गेला असं धरायचं. मग रडायचं. ज्याला कुणी हाकच मारली नाही, तो मात्र धड इकडचा नाही की तिकडचा नाही. तो कायमचा वाऱ्यावर.

गुरुजी छपरावर चढले की खाली शिडी धरायला चुन असायचा. अकरा वर्षं, परक्यांच्या घरी, परक्या मेलेल्यांसाठी. पात्याची त्याला भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती याची. मला यात काही वेडगळ वाटत नाही. मरायला तयार झालेली माणसंसुद्धा बेवारस मरायला तयार नसतात.

"आत्ताच मारा," चुन म्हणाला. "मी निघण्याआधी."

"जिवंत माणसाला?"

"मी मेलोच आहे. हे काम पत्करून युवराजांच्या हातून मद्याचा पेला घेतला, त्या दिवशीच मेलो."

"नक्की?"

"नक्की."

मान-त्सूंनी मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं. मग गुडघ्यांवर हात टेकत उठले.

"अंगरखा काढ."

चुननं अंगरखा काढून दिला. पातळ सदऱ्यात तो अंगणात उभा राहिला. वारा उत्तरेचा होता, आणि त्याला कापरं भरलं. मेलेली माणसं थंडीनं कापत नाहीत, पण म्हातारे तसं काही म्हणाले नाहीत. सत्तरी उलटलेला तो माणूस एक एक पायरी चाचपत शिडी चढला. चुननं सवयीनं खाली शिडी धरली, आणि गुरुजी वर पोचल्यावर चार पावलं मागे सरून ताठ उभा राहिला. हात सरळ, डोळे मिटलेले. प्रेताला ठेवतात तसे.

दारातला सारथी तोंड फिरवून घोड्यांकडे बघू लागला.

मान-त्सूंनी अंगरख्याची गळ्याची पट्टी डाव्या हातात धरली, खालची कड उजव्या हातात. उत्तरेकडे तोंड केलं.

"वेई चुन… परत ये!"

लांब, खेचलेला आवाज. चाळीस वर्षं तो आवाज त्या गावानं ऐकला होता. शेजारच्या घरात कुणीतरी जातं थांबवलं. कोण गेलं, असं एका बाईनं विचारलेलं अंगणात ऐकू आलं.

चुन हलला नाही. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"वेई चुन… परत ये!"

हीही तशीच, पण शेवटाला आवाज चिरकला. चुननं डोळे उघडले नाहीत. तो उभा राहिला. मनातल्या मनात त्याला बरं वाटलं असणार, आता एकच राहिली म्हणून.

मग बराच वेळ काहीच नाही…

म्हातारे उत्तरेकडे तोंड करून उभे होते. अंगरखा वाऱ्यानं फडफडत होता. त्यांनी तो खाली घेतला. ते वळले, छपराच्या कडेशी आले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चुन!"

सुई सापडत नाही म्हणून मारतात तशी हाक. पाणी उकळलं का हे विचारायला रोज सकाळी मारत तशी.

"ओ! आलो, गुरुजी!"

तो नुसता बोलला नाही, शिडीकडे दोन पावलं धावलासुद्धा. तिसऱ्या पावलाला थांबला.

चुनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. आपला हात शिडीवर आहे हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा चटका बसल्यासारखा त्यानं तो काढून घेतला.

"चुकून गेली," तो म्हणाला. "सवयीनं… पुन्हा मारा."

"तीनच असतात."

"एकदाच, गुरुजी. या वेळी तोंडातून ब्र काढणार नाही."

"तीनच असतात, चुन." म्हाताऱ्यांनी अंगरखा छातीशी गोळा करून धरला होता. त्यांचा आवाज आता आचार्यांचा राहिला नव्हता. "रथ परत पाठव. तू म्हणाला होतास, पाठवीन म्हणून."

चुननं रथाकडे पाहिलं, आणि मग मान खाली घातली.

"नाही पाठवता येत."

"का?"

"आई त्यांच्याकडे आहे. परवापासून. सुरक्षित राहावी म्हणून राजवाड्यात ठेवलीय, असं युवराज म्हणाले."

इतका वेळ तो जे ताठ बोलत होता, त्याच्या मागे हे होतं. राज्य, बारा हजार माणसं, ते सगळं खरंच होतं. हेही होतं. म्हाताऱ्यांना मोठ्यानं रडावंसं वाटलं. पण कुणीही मेलेलं नसताना रडण्याची रीत नव्हती, आणि आयुष्यभर त्यांनी रीत मोडली नव्हती.

"निघायला हवं," दारातून सारथी हलकेच म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यालाही वेळेत पोचायचं होतं.

चुननं अंगणातच गुडघे टेकले. कपाळ जमिनीला टेकवून गुरुजींना नमस्कार केला. पाच श्वास झाले, सहा झाले, सात झाले. मग तो उठला आणि सदऱ्यानिशीच रथापाशी गेला. दूताचे कपडे आत घडी करून ठेवलेले होते.

एक पाय रथात ठेवून तो वळला. गुरुजी अजून छपरावरच होते, अंगरखा घेऊन, एवढेसे दिसत होते.

"आणि मी खरोखर मेल्यावर, गुरुजी?"

वारा फार होता. ऐकू गेलं की नाही, असं चुनला वाटलं. तो पुन्हा विचारणार, तेवढ्यात वरून उत्तर आलं.

"हाक मारून झाली," मान-त्सू म्हणाले. "तू ओ दिलीस."