हिज्कीयाचे गळू आणि अंजिरांची ढेप

पूर्वी, यरुशलेमेत दाविदाच्या वंशजांचे छत्र झळकत होते त्या काळी, हिज्कीया नावाचा धर्मशील राजा यहूदा देशावर राज्य करीत असे. परमेश्वराच्या मंदिराची बंद पडलेली दारे त्यानेच पुन्हा उघडली होती. अशा या पुण्यवान राजाला ऐन उमेदीत एक विखारी गळू झाले आणि मृत्यू उशाशी येऊन बसला.

देववाणीचा वाहक, संदेष्टा यशया येऊन म्हणाला, "राजन्, मागची व्यवस्था लावून ठेव. या शय्येवरून तू उठणार नाहीस."

राजाने भिंतीकडे तोंड फिरवले आणि तो लेकरासारखा रडला. यशया अंगण ओलांडतो न ओलांडतो तोच देववाणी झाली, "परत फिर! त्याचे अश्रू मी पाहिले. आणखी पंधरा वर्षे मी त्याला दिली." खूण म्हणून राजवाड्याच्या जिन्यावर पुढे सरकलेली उन्हाची सावली दहा पायऱ्या मागे सरली. राजवैद्य रत्नांची भस्मे घेऊन ताटकळले, आणि यशयाने मागवली काय, तर वाळलेल्या अंजिरांची ढेप! मुदपाकखान्यातल्या अचसा नावाच्या वृद्धेने ती कुस्करून आपल्या फडक्याने गळवावर बांधली. तिसऱ्या दिवशी राजा मंदिरात उभा होता.

"माई," तो गहिवरून म्हणाला, "माझ्या देवाचे हे उपकार विचारील त्याला सांगेन. तुझ्या अंजिरांसकट!"

"सांगा हो महाराज," अचसा म्हणाली. "नाहीतर बरं वाटलं की लोक माझं फडकंसुद्धा परत करत नाहीत."

पुढे सावलीची वार्ता ऐकून दूरच्या बाबेल देशाचे रेशीमवस्त्रधारी दूत नजराणे घेऊन आले. "महाराज, आपण बरे कसे झालात? सावली मागे फिरवणारा तो देव कोणता?" त्यांनी विचारले. उत्तर राजाच्या ओठांवर होते. पण अश्रू, गळू, अंजीर हे सारे त्या झगमगाटापुढे सांगायची त्याला लाज वाटली. "ते असो," तो म्हणाला, "आमचे भांडार पाहा!" आणि ज्याने जीव वाचवला त्याचे नाव सोडून या भल्या माणसाने किल्ल्या खुळखुळवल्या. सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, शस्त्रागार, काही म्हणून दाखवायचे बाकी ठेवले नाही.

दूत गेले आणि यशया आला. "त्यांनी काय विचारले?"

"मी बरा कसा झालो ते."

"आणि तू काय दाखवलेस?"

राजाची मान खाली गेली. "सोने."

"तर ऐक! जे जे दाखवलेस ते सारे एके दिवशी बाबेलास जाईल. तुझे वंशजही जातील."

राजाने पलंगाखालचे डागाळलेले फडके शोधले, स्वतःच्या हातांनी धुतले आणि तो मुदपाकखान्यात गेला. "माई, उशीर झाला. मी कृतघ्न झालो."

अचसाने डोळे पुसले. "अजून वर्षं आहेत ना शिल्लक, महाराज? मग सांगा की!"

त्याने सांगितले. आल्यागेल्या प्रत्येकाला, गळवाचा व्रण उघडा करून सांगितले. तो नमला म्हणून त्याच्या हयातीत तो शाप फळला नाही. पुढे बाबेलच्या सैन्याने भांडार खरोखरच धुऊन नेले, साधी वाटीही ठेवली नाही. हिज्कीयाने बरे झाल्यावर रचलेले उपकारस्तोत्र मात्र धर्मग्रंथात मागे राहिले. माझ्या दुखण्यातून उठल्यावर मी ते वाचले, प्रभू येशूचे आभार मानले आणि आजारपणात पेज पाठवणाऱ्या शेजारणीची पातेली परत करायला निघालो.